गाडी जपानी बोलू लागली तेव्हा

आमची गाडी जुनी, पण तिच्यातला स्क्रीन नवा. नवऱ्याची गुवाहाटीला बदली झाली, तेव्हा जाण्याआधी त्याने करोलबागेत गाडी नेली, जुना रेडिओ काढून टाकला आणि त्या जागी पाटीएवढा टचस्क्रीन बसवून घेतला. गाणी, नकाशा, फोन, मागचा कॅमेरा, सगळं त्याच्यातच. "तू एकटी चालवणार, नकाशा डोळ्यांसमोर हवा," असं त्याचं म्हणणं. दिल्लीत गाडी चालवायची मला सवय होती, पण नुकतेच राहायला आलो होतो त्या गुडगावच्या रस्त्यांची नव्हती. इथे एक वळण चुकलं की माणूस थेट जयपूरच्या दिशेला लागतो, आणि परत फिरायला जागा सापडेपर्यंत त्याला भूक लागते.

पहिला उन्हाळा त्या स्क्रीनला मानवला नाही. ऑफिसात माझी गाडी दिवसभर उघड्यावर उभी असायची. मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावायचा तर ओढणी गुंडाळावी लागते, तिथे त्या बिचाऱ्या काचेचं काय? जूनपासून त्याचं बोटाशी बिनसलं. दाबावं एक आणि लागावं त्याच्या खालचं. मग मी हव्या त्या जागेच्या बोटभर वर दाबायला शिकले. न्हाणीघराचं दार जरा वर उचलून कडी लावतो ना आपण, तसंच. दुरुस्त करून घ्यायचं मनात यायचं आणि सोमवारी निघून जायचं.

त्याच वर्षी माझे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून माझ्याकडे आले आणि मग राहिलेच. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. उभी नोकरी त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर मोठाले ट्रक चालवण्यात घालवली. आता नजर अधू झाल्यामुळे त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं, पण शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत असायचा. माझ्या गाडी चालवण्याबद्दल ते वाईट कधी बोलले नाहीत. चांगलंही नाही. उतरताना फक्त म्हणायचे, "पोचलो एकदाचे."

नकाशातली बाई मात्र त्यांना अजिबात आवडत नसे. ती इंग्रजीत बोलायची आणि आमच्या रस्त्यांची नावं अशी काही उच्चारायची की मलाही कळत नसत. एका शनिवारी सकाळी आम्ही मुनिरकाला निघालो होतो. माझी मुलगी तिथे खोली घेऊन राहते, कॉलेज जवळ पडतं म्हणून. थंडी सुरू झाली होती, तिला रजई आणि खायचं द्यायचं होतं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली आणि बाई बोलली. बाबा म्हणाले, "हिला मराठी येत नाही का गं?"

मला ते कधी सुचलंच नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन बघते तर भाषांची ही लांबलचक यादी, आणि तिच्यात चक्क मराठी होती. मला इतका आनंद झाला की बोटभर वर दाबायचं मी विसरले. दाबलं मराठीवर, यादी सर्रकन खाली सरकली, मी घाईने पुन्हा दाबलं, आणि बघता बघता सगळा स्क्रीन चौकोनी, काटेरी अक्षरांनी भरून गेला.

"चिनी आहे हे," बाबा म्हणाले. "पोस्टिंगला असताना पाहिलीत मी ही अक्षरं."

मी मागे जायचं बटण शोधलं. ते कुठे होतं मला माहीत होतं, पण घाईत बोटभर वरचा हिशेब जमेना. घाबरून इथे तिथे दाबत गेले, तशी आणखी आणखी पानं उघडत गेली. शेवटी एक पान उघडलं ते बंदच होईना. मुलीला फोन लावला.

"आई, मोबाइलच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट कर ना. सिंपल आहे यार."

सिंपल काही नव्हतं. बेसमेंटमध्ये नेटवर्क येऊन जाऊन, वर त्या काचेवर ट्यूबलाइटची चमक. मोबाइलने पहिल्या ओळीचं भाषांतर केलं ते "आवाजाची चव". दुसऱ्या ओळीचं, "कारखान्याचा जन्म". मी ते वाचून दाखवलं आणि पलीकडे मुलगी इतकी हसली की तिची मैत्रीण काय झालं म्हणून विचारायला आली. मला हसू येत नव्हतं. नकाशाशिवाय मी मुनिरकाला गेले असते, तसं काही अडत नव्हतं. पण माझ्याच गाडीत मला एक अक्षर कळू नये याने मी हिरमुसले होते.

मग करोलबागेतल्या दुकानदाराला फोन केला. त्याला हे नवीन नसावं. "चाइनीज में चला गया होगा मैडम. टेन्शन नहीं. साइड में छोटा सा छेद है, उसमें पिन डाल के दबाओ."

पिन नव्हती. कानातलं काढलं आणि त्याची तार छेदात घातली. स्क्रीन काळा झाला, कंपनीचं चिन्ह आलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि तीच अक्षरं पुन्हा हजर. दुकानदार म्हणाला, "अच्छा. तो फिर पूरा रीसेट मारना पड़ेगा. लेकिन वो अंदर मेन्यू में है, और मेन्यू आप पढ़ नहीं पाओगे. दुकान पे ले आओ." शनिवारचं करोलबाग डोळ्यांसमोर आलं आणि मी "देखती हूँ" म्हणून फोन ठेवला.

बाबांना मात्र आता उत्साह आला होता. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "बॅटरीची तार काढून थोडा वेळ ठेवू. मशीन थंड झालं की ताळ्यावर येतं. दहाचा पाना आण." आमच्या घरात दहाचा काय, कुठलाच पाना नव्हता. "गाडी आहे आणि पाना नाही," बाबा म्हणाले, बॉनेट लावून टाकलं आणि मान हलवत मागच्या सीटवर रजईशेजारी जाऊन बसले.

दार उघडं टाकून मीही बसून राहिले. तेवढ्यात नकाशाच्या बाईला बेसमेंटमध्ये सिग्नल मिळत नसल्याची आठवण झाली असावी. ती एकदम मोठ्याने, नव्याच भाषेत, गोड आवाजात काहीतरी लांबलचक बोलली.

लिफ्टमधून नुकतीच एक बाई बाहेर आली होती. माझ्याच मजल्यावर राहणारी. तिचा नवरा मानेसरच्या कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर आहे, एवढं वॉचमनकडून कळलं होतं. लिफ्टमध्ये भेटलो की ती वाकून हसायची, मीही अर्धवट वाकून हसायचे, आणि मजला आला की सुटका झाल्यासारख्या आम्ही आपापल्या दाराकडे जायचो. ती आवाज ऐकून जागच्या जागी थांबली. हातातली कापडी पिशवी तशीच धरून चहूकडे बघू लागली. नकाशातली बाई पुन्हा बोलली. तशी ती माझ्या गाडीच्या दिशेने आली आणि वाकून, गाडीत आपल्या गावचं कोण बसलंय ते शोधू लागली. तिला दिसलो मी आणि रजईला टेकलेले बाबा.

"कार," मी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हटलं. "माय कार. स्पीकिंग चायनीज."

तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "नो, नो. जॅपनीज!" आणि ती हसायला लागली. लिफ्टमधलं हसू नव्हे, अगदी वेगळं, खांदे हलणारं. मलाही मग आवरेना.

तिचं इंग्रजी तुटक होतं आणि हिंदी दहा-बारा शब्दांची, पण काय झालंय हे तिला सांगायला फार वेळ लागला नाही. तिने पिशवी बाबांच्या हातात दिली, जणू रोजची ओळख आहे, आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. बसल्यावर क्षणभर तिने समोरची काच, डॅशबोर्ड, सगळ्यावरून नजर फिरवली. "फ्रंट सीट," ती म्हणाली. "इंडिया, फर्स्ट टाइम." कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, आणि ती कायम मागे. गुडगावात येऊन तिला दुसरं वर्ष लागलं होतं.

मग आमचं काम सुरू झालं. ती ओळ वाचायची, आधी जपानीत मोठ्याने, मग इंग्रजीत. मी सांगायचे पुढे जायचं की मागे. दाबायला गेली तर तिचंही बोट खालच्या ओळीला लागलं आणि ती दचकली. मी तिला बोटभर वरची युक्ती सांगितली. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. तिने शोधून शोधून एक पान काढलं आणि म्हणाली, "हिअर. फिंगर करेक्शन." ते पान कोड मागत होतं. दुकानदाराला पुन्हा फोन केला. "कोड दे दूँगा, पर आपको मेन्यू पढ़ के कौन बता रहा है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जपान से आई हैं." "मेरे स्क्रीन के लिए?" त्याने विचारलं, आणि कोड दिला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक फुली उमटली. तिच्यावर बरोबर मधोमध दाबायचं, मग पुढची फुली. ती नखाच्या टोकाने, श्वास रोखून दाबत होती. बाबा मागून पुढे वाकून बघत होते. शेवटची फुली झाली आणि तिने एका ओळीवर बोट ठेवलं. नेमकी तीच ओळ उजळली. महिनोन्‌महिने मी ज्याच्याशी जुळवून घेतलं होतं ते असं मिटलं, आणि मला उगाच वाटून गेलं, कितीतरी आधी करायला हवं होतं हे.

"आता भाषा बदलून टाका," बाबा म्हणाले. पण भाषेचं पान उघडेना. स्क्रीन घुटमळत होता. माझ्या मघाच्या दाबादाबीत काय काय उलटंसुलटं झालं होतं कुणास ठाऊक. तेव्हा आम्ही दुकानदाराने सांगितलेला पूर्ण रीसेटच करायचं ठरवलं. तिने मेन्यूत शिरून ती ओळ काढली, दाबली, आणि एक चौकट पुढे आली. ती वाचून ती गालात हसली.

"काय म्हणतंय?"

"ऑल मेमरी गो," ती म्हणाली. मग जपानीत वाचून दाखवलं, "योरोशीइ देसु का?" आणि समजावलं. मशीन विचारतंय, आपली हरकत नाही ना? फार आदराने विचारतंय. दुकानात म्हातारी बाई विचारते तसं. "व्हेरी पोलाइट मशीन."

"मग त्यालाही आदराने हो म्हण," बाबा मागून म्हणाले. मी ते तिला सांगितलं. तिने स्क्रीनसमोर बसल्या बसल्या छोटीशी मान लववली आणि दाबलं.

मग थांबणं आलं. एक रेघ डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बेसमेंटमध्ये पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, अधूनमधून एखादी गाडी वळसा घेऊन वर जात होती. मी डब्यातलं थालीपीठ काढलं. तिने तुकडा मोडून खाल्ला, कशाचं ते विचारलं, मला 'भाजणी' इंग्रजीत सांगता येईना, मी "मेनी ग्रेन्स" म्हटलं. तिचा मुलगा तिकडे जपानात कॉलेजात होता. नवरा सकाळी लवकर जातो, अंधार पडल्यावर येतो. दिवसा ती घरात एकटी. फोनवर आईशी बोलते तेवढंच तिच्या भाषेत. बोटांना लागलेलं तेल पुसत ती म्हणाली, "टुडे, माय जॅपनीज... यूजफुल. गुडगाव, फर्स्ट टाइम."

मी तिच्या हातावर आणखी एक थालीपीठ ठेवलं.

रेघ पुरी झाली, स्क्रीन उजळला आणि पहिलाच प्रश्न आला तो भाषेचा. माझं बोट सवयीने इंग्रजीकडे निघालं. मागून बाबांचा हात आला आणि त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं. "मराठी घे की." शेजारीणही उत्सुकतेने बघत होती. या वेळी मी मराठीवर दाबलं ते मराठीवरच लागलं. आणि पान पालटलं. ध्वनी. प्रदर्शन. जोडलेली साधने. दिनांक व वेळ. शाळेतल्या सुवाच्य अक्षरांच्या फळ्यासारखं. मोठ्या अक्षरांतलं ते बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत होतं. ते एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले आणि शेजारीण प्रत्येक शब्दानंतर "ओ!" म्हणू लागली.

आता राहिला मागचा कॅमेरा. तो पुन्हा जोडला गेलाय की नाही हे बघायला गाडी रिव्हर्समध्ये घालायला हवी. मी गिअरला हात घातला, तशी ती जरा घुटमळत म्हणाली, "मे आय?"

तिचा देशही आपल्यासारखाच डावीकडून चालवणारा. तिकडे ती रोज गाडी चालवत असे. इथे कंपनीचा नियम, घरच्यांनी रस्त्यावर गाडी चालवायची नाही. मघाशी तिनेच सांगितलेल्या या नियमाची मी तिला आठवण करून दिली, तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बेसमेंट इज नॉट रोड."

मी उतरून बाजूला बसले. तिने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि काही क्षण नुसतीच बसली. मग गाडी हलली. खांबांच्या मधून, पाण्याच्या टाकीच्या बाजूने, दुसऱ्या टॉवरच्या लिफ्टपाशी, तिने सावकाश आख्खा फेरा मारला. वॉचमनने शिट्टी तोंडात घातली, तिला स्टिअरिंगवर पाहिलं आणि शिट्टी न वाजवताच सलाम ठोकला. परत जागेवर येऊन तिने रिव्हर्स टाकला. कॅमेरा लागला, स्क्रीनवर हिरव्या-पिवळ्या रेघा आल्या. आमची जागा दोन खांबांच्या बेचक्यात आहे. मी तिथे पुढे-मागे करत, देवाचं नाव घेत गाडी घालते. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. मान वळवून, एका दमात, गाडी सरळ आत नेऊन ठेवली.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "हां. ह्याला म्हणतात गाडी लावणं."

इतक्या वर्षांत मला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते तिला पहिल्याच दिवशी मिळालं. मला जरा लागलं, नाही असं नाही. तिने विचारलं, काय म्हणाले? मी प्रामाणिकपणे सांगितलं. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि बाबांसमोर कमरेतून वाकली. बाबांनी गाडीत बसल्या बसल्या पाठ ताठ केली आणि कडक सॅल्यूट केला.

मुनिरकाला ती आमच्याबरोबरच आली. पिशवी तशीच घेऊन, भाजीला निघाली होती ते विसरून. नकाशाची बाई आता मराठीत बोलत होती, "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा," आणि बाबा प्रत्येक वेळी तिला "बरं" म्हणत होते. मुनिरकाच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, म्हणून बाहेरच्या रस्त्याला लावली. लोंबणाऱ्या वायरी, मोमोंच्या गाड्या, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, यांतून आम्ही रजई घेऊन चाललो, एक टोक माझ्याकडे आणि एक तिच्याकडे. मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "आई, तू ट्रान्सलेटर घरी घेऊनच आलीस?"

मुलीच्या खोलीत एकच खुर्ची. ती बाबांना मिळाली. आम्ही तिघी पलंगावर मांडी घालून बसलो आणि उरलेली थालीपीठं लोण्याबरोबर संपवली. मुलीला गाडीतली मराठी दाखवायला मी फोटो काढून आणला होता. "'साधने' म्हणजे?" तिने विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, तिला काही शब्द कधी भेटलेच नाहीत. बाबांनी समजावलं, बाबांचं मी इंग्रजीत केलं, आणि शेजारणीने त्याला जपानीत काय म्हणतात ते सांगितलं. मुलीने तिन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहिले. त्या दुपारी खोलीत ऊन चांगलं येत होतं. कुणालाच उठायची घाई नव्हती.

संध्याकाळी परतलो तर तिचा नवरा लिफ्टपाशी उभा. कारखान्याच्याच जाकिटात. तिच्या फोनची बॅटरी संपली होती आणि तो काळजीत पडला होता. ती त्याला भराभर सगळं सांगत सुटली. एवढं भराभर बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. फेऱ्याची गोष्ट आली असावी तेव्हा त्याने भुवया उंचावल्या, वॉचमनकडे पाहिलं आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. बाबांसाठी जपानी काड्यांऐवजी चमचा आठवणीने काढून ठेवला होता. जेवण झाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो आणि बाहेर मात्र आवाज वाढला होता. तिचा नवरा आणि बाबा. एकाला मराठी आणि फौजी हिंदी, दुसऱ्याला जपानी आणि मोजकं इंग्रजी. मी डोकावून पाहिलं. टेबलावर बाबांनी वाट्या आणि बश्या मांडून घाटातला रस्ता तयार केला होता. मिठाची बाटली हा ट्रक होता. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी दरीच्या कडेने मागे कसं यायचं ते बाबा दाखवत होते, आणि तो इंजिनिअर जाकिटाच्या बाह्या सारून, सोया सॉसची बाटली हातात धरून, समोरून येणारा ट्रक झाला होता.

"नो स्टॉप, नो स्टॉप!" बाबा ओरडले. "अरे, अजून जागा आहे. आने दो."

शेजारीण माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी परत भांड्यांकडे वळलो.